हत्ती स्वस्तात मिळतो, चारा नाही

बारा लाखांत नवी कोरी एसयूव्ही घ्यावी, की त्याच बारा लाखांत दहा वर्षं वापरलेली, सहा सिलिंडरची जर्मन सेडान घ्यावी? पंचविशी-तिशीतल्या पगारदार पोरांचा अड्डा जमला की हा प्रश्न हमखास निघतो. पुण्यात निघतो तसा आमच्या अकलूजलाही निघतो, उलट अकलूजला जरा जास्तच. कारण पुण्यात तुमच्या दारात कोणती गाडी उभी आहे हे शेजाऱ्यालाही माहीत नसतं. अकलूजमध्ये संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या माळशिरस तालुक्याला कळतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी वाईट नाही, गणित वाईट आहे.

हे गणित नीट समजून घ्या. साठ लाखांची गाडी दहा वर्षांनी बारा लाखांना मिळते म्हणजे तिची किंमत कमी झाली, तिचे सुटे भाग मात्र साठ लाखांच्या गाडीचेच राहिले. विमा कंपन्यांच्या तक्त्यातसुद्धा गाडीची किंमत चार ते पाच वर्षांत निम्मी धरली जाते. पण हेडलाइट, कंट्रोल युनिट, सस्पेन्शनचा स्ट्रट यांना असा तक्ता नाही, त्यांचे भाव दरवर्षी वरच जातात. म्हणजे गाडीचं वय वाढतं तसा बिघाडांचा वेग वाढतो आणि प्रत्येक बिघाडाची किंमतही वाढते. तुम्हाला डिस्काउंट मिळाला तो फक्त खरेदीवर.

आमच्या धंद्यात याला लेगसी सिस्टिम म्हणतात. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला कोड, डॉक्युमेंटेशन गायब, लिहिणारा कंपनी सोडून गेलेला आणि सपोर्टची मुदत संपलेली. फुकट मिळाली तरी घेताना दहादा विचार करावा अशी गोष्ट. इथे तर आपण ती पैसे मोजून, वर कर्ज काढून घेतो!

हे बिघाड म्हणजे नशिबाचा भाग नसतो. बरेचसे डिझाइनमध्येच असतात. बीएमडब्ल्यूचं एन63 हे व्ही-8 इंजिन 2008 ला आलं. त्यात दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत बसवलेत. त्यामुळे पिकअप जबरदस्त मिळतो, पण सगळी उष्णता मधोमध कोंडते. ऑइल पिणं, इंजेक्टर, टायमिंग चेन, बॅटरी अशा तक्रारी इतक्या आल्या की 2014 च्या शेवटी कंपनीला अमेरिकेत 'कस्टमर केअर पॅकेज' काढावं लागलं. सहा सिलिंडरचं एन57 डिझेल त्यामानाने गुणी, पण त्याची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनची किंमत राहू द्या, तिथवर पोचायचीच मजुरी डोळे पांढरे करते. मर्सिडीजच्या डब्ल्यू211 ई-क्लासमध्ये एसबीसी नावाचे इलेक्ट्रॉनिक ब्रेक होते. ब्रेक किती वेळा दाबला हे त्याचं युनिट मोजत बसतं आणि ठरलेला आकडा गाठला की बदलायची सूचना देतं. 2004 आणि 2005 मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि 2006 मध्ये कंपनीने ही भानगडच त्या मॉडेलमधून काढून टाकली. पण आधीच विकलेल्या गाड्या अजून बाजारात फिरतायत.

आणखी एक गंमत म्हणजे 'लाइफटाइम' गिअरबॉक्स ऑइल. गाडीची कंपनी म्हणते बदलायची गरज नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ म्हणते 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला बदला. 'लाइफटाइम' नक्की कुणाचा, हे बहुधा तिसऱ्या मालकाला कळतं. :)

आता यात अकलूज घाला. पाटस-बारामती-इंदापूर-अकलूज असा जो पालखी मार्ग आहे, त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 ला झाली. त्या चौपदरी पट्ट्यावर अडीचशे हॉर्सपॉवरची गाडी सोडली की माणूस हरखून जातो, नाकारत नाही. मीही चालवलीय. पण हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री मागे धड रिफ्लेक्टर नसताना त्याच रस्त्यावर असतात. गावात शिरलं की स्पीडब्रेकरला पोट घासतं. रन-फ्लॅट टायरची बाजू खड्ड्यात फाटली तर स्टेपनी नाही आणि त्या मापाचा टायर गावात मिळत नाही. स्कॅनर लावून कोड वाचणारा, त्या कोडचा अर्थ कळणारा आणि पार्ट आणून देणारा माणूस बसतो पुण्यात, म्हणजे दीडशेहून जास्त किलोमीटरवर. फ्लॅटबेडचं भाडं प्रत्येक बिलात आधीच मिळवून ठेवा.

माझ्या मामेभावाने तीन वर्षांपूर्वी अशी एक सेडान अकरा लाखांना घेतली. गाडी दिल्लीहून आलेली. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने 2015 मध्ये बंदी घातली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. 2025 मध्ये त्यात काही सवलत आली, पण मधल्या काळात अशा गाड्या स्वस्तात देशभर पांगल्या. एनओसी आणि महाराष्ट्राचा एकरकमी रोड टॅक्स भरतानाच पहिला झटका बसला. मग एअर सस्पेन्शन एका बाजूला बसलं. मग चार टायर. मग गिअरबॉक्स. विम्यात झिरो डेप मिळेना, कारण गाडीचं वय. दीड वर्षात साडेचार लाख गेले, वर हप्ता चालूच. त्याच वर्षी धाकट्या बहिणीची इंजिनिअरिंगची फी भरायची होती. ती मामांनी उसाच्या बिलातून भरली. मामा गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "ठेव रे, दारात शोभतीय." पोराला ते जास्त लागलं. शेवटी गाडी चार लाखांना गेली.

त्याला मी वेडा म्हणणार नाही. ज्या गावात दारातल्या गाडीवरून सोयरीक ठरते, तिथे शहरात राबणाऱ्या पोराला आपलं बरं चाललंय हे दाखवायचा तोच एक मार्ग दिसतो. पण मग हिशोबही गावाच्याच पद्धतीने करावा. अकलूजच्या घोडेबाजारात घोडा घेणारा माणूस दात बघतो, भोवरे बघतो, रेवाल चाल चालवून बघतो, आणि मगच किमतीवर येतो. रोजचा खुराक परवडेल का, हे तर तो घरूनच ठरवून निघालेला असतो. लाखाचा घोडा घेताना आपण जेवढं बघतो, तेवढंही दहा लाखांची गाडी घेताना बघत नाही. सनरूफ उघडतं ना, झालं!

तरीही घ्यायचीच असेल तर माझे नियम असे:

1) ज्या किमतीला गाडी घेणार, तिच्या निदान एक तृतीयांश रोकड बाजूला ठेवा. ती नसेल तर गाडी परवडत नाही, विषय संपला.

2) कर्ज काढून घेऊ नका. हप्ता आणि बिघाड एकाच महिन्यात येतात.

3) चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिसची पूर्ण हिस्टरी काढा. मीटरवर विश्वास ठेवू नका, मीटर मागे फिरतं.

4) व्यवहाराआधी विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या वर्कशॉपमध्ये लिफ्टवर चढवून, सगळी मॉड्यूल स्कॅन करून घ्या. त्याला जे पाच-दहा हजार लागतील ते विमा समजा.

5) कंपनीची वॉरंटी शिल्लक असलेली किंवा वाढवून मिळणारी गाडी बघा. जास्त पैसे द्या, पण नवी घ्या. व्ही-8 आणि एअर सस्पेन्शन यांना लांबूनच नमस्कार.

6) घरात दुसरी साधी गाडी असू द्या. रात्री दोन वाजता कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा बघत बसायची वेळ येऊ नये.

या सहांपैकी एकही नियम जमत नसेल तर सरळ नवी साधी गाडी घ्या. पिकअप कमी मिळेल, हेवाही कमी वाटेल लोकांना. पण रविवारी सकाळी चावी फिरवल्यावर ती सुरू होईल, आणि महिनाअखेरीला घरी पाठवायचे पैसे घरीच पोचतील.