जुनी आवृत्ती : काढायची, पण कधी?

नवं सॉफ्टवेअर टाकलं की जुनं आपोआप गेलं, असा आपला सर्वांचाच एक गोड समज असतो. फोनच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. अ‍ॅप अपडेट केलं की जुन्याच्या जागी नवं येऊन बसतं. घरच्या संगणकावर मात्र तसं होईलच असं नाही. काही सॉफ्टवेअर नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात मांडतात आणि जुनी जिथल्या तिथे राहते. एकदा सवडीने इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमांची यादी उघडून वाचा. एकाच नावाचे दोन-तीन भाऊ शेजारी शेजारी नांदताना दिसतील, पुढचा आकडा तेवढा निराळा.

"राहू दे की, काय खायला मागतंय?" हा आपल्या घराण्यातला ठरलेला युक्तिवाद. माळ्यावर मोडक्या छत्र्या जपणारी माणसं आपण! माझं मत मात्र स्पष्ट आहे. जुनी आवृत्ती काढलीच पाहिजे. प्रश्न आहे तो कधी काढायची याचा.

आधी का काढायची ते सांगतो. जावाचं उदाहरण घ्या. २०१० साली सन कंपनी विकत घेतल्यावर जावा ओरॅकलकडे आलं. अपडेट करा म्हणजे संगणक सुरक्षित राहील, असं वापरणाऱ्यांना सांगितलं जाई. प्रत्यक्षात बरेच दिवस अपडेट करताना फक्त लगतची आधीची आवृत्ती काढली जायची. त्याहून जुन्या तशाच राहायच्या, आणि त्यांच्यातल्या माहीत असलेल्या भोकांमधून चोरांना आत शिरता यायचं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यावरून ओरॅकलवर कारवाई केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये तडजोड जाहीर झाली. जुन्या आवृत्त्या उरल्या असतील तर तसं वापरणाऱ्याला सांगा आणि त्या काढायची सोय द्या, असं कंपनीला मान्य करावं लागलं. म्हणजे पुढच्या दाराला नवं कुलूप लावलं, पण मागचं जुनं दार सताड उघडं, असा तो प्रकार होता. फ्लॅशचंही तेच. ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार संपला, तेव्हा खुद्द अ‍ॅडोबीनेच ते काढून टाका असं सांगितलं होतं.

इथपर्यंत कोणी वाद घालणार नाही. पण मंडळी, मराठी माणसाच्या संगणकावर एक वेगळीच भानगड असते, आणि इंग्रजीतल्या सल्ल्यांमध्ये तिचा पत्ताच नसतो.

युनिकोड घरोघरी पोचण्याआधी आपण मराठी कशात लिहीत होतो? श्रीलिपी, आकृती, आयएसएम आणि असेच कितीतरी. त्यातल्या बहुतेक फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत, आणि ते कुठे बसवायचे हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं. त्यामुळे तो फॉन्ट गेला की फाईल उघडते, पण दिसतात ती रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस यांची खिचडी. फाईल बिघडलेली नसते. ती वाचायची किल्ली तेवढी हरवलेली असते.

आमच्या मामांनी १९९८ च्या सुमारास आजीच्या आठवणी अशाच एका फॉन्टात टाइप करून घेतल्या होत्या. माहेरचा वाडा, पानशेतचा पूर, सगळं त्यात आहे. आजी आता नाही, हस्तलिखितही नाही. ती चाळीस पानं नीट दिसायची ती फक्त मामांच्या जुन्या संगणकावर. तिथे जुनं सॉफ्टवेअर होतं म्हणून दिसायची. "कचरा साफ करून देतो" म्हणून कोणी उत्साहाने ते आधीच उडवलं असतं, तर आठवणी असूनही नसल्यासारख्या झाल्या असत्या.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे नातेवाइकांत जुने संगणक बदलायची लाटच आली आहे. म्हणून काका-मावश्यांनो, हा क्रम लक्षात ठेवा.

आधी जुन्या आवृत्तीत आपल्या सगळ्या फाईल उघडून बघा. महत्त्वाच्या फाईलींची पीडीएफ करा. त्यात अक्षरांचे आकार सोबत साठवता येतात, त्यामुळे निदान वाचता तरी येईल. मग मजकूर युनिकोडमध्ये आणा. त्यासाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण निकाल डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. वेलांटी आणि रफार इकडचे तिकडे होतात ते इथेच. त्यानंतर एक प्रत संगणकाबाहेर ठेवा. सगळं झालं की मग जुनी आवृत्ती काढा, तीही रीतसर अनइन्स्टॉल करून. नुसतं फोल्डर पुसलं की मागे धागेदोरे राहतात.

आणि त्याच संगणकावर विंडोज ११ चढवलं असेल, तर परत फिरायला साधारण दहाच दिवस मिळतात हेही ध्यानात असू द्या. त्यानंतर जुन्या विंडोजचं फोल्डर आपोआप पुसलं जातं.

काहीच काढायचं नाही हा आळस झाला आणि सगळं लगेच उडवायचं हा उतावीळपणा. बरणी फेकायला माझी काहीच हरकत नाही. आतलं लोणचं आधी काढून घ्या, एवढंच म्हणणं.