भाकरी घालता, मग लसही टोचा

आमच्या वस्त्यांत गळ्यात पट्टा असलेली कुत्री थोडी. बाकीची सर्वांची असतात आणि कोणाचीच नसतात. सकाळी एका दारी चहात बुडवलेला पाव, रात्री दुसऱ्या दारी शिळी भाकर. पोरे त्याला मोती म्हणतात, अनोळखी माणूस दिसला की तो भुंकतो, सर्वांना हवासा वाटतो. पण त्याला लस टोचून आणायची गोष्ट निघाली की प्रत्येक घर म्हणते, ‘तो काही आमचा नाही!’ आम्ही स्पष्टच लिहितो : जो भाकरी घालतो, कुत्रे त्याचेच.

पिसाळीचा रोग, म्हणजे रेबीज, एकदा अंगात उफाळला आणि माणूस पाण्याला भिऊ लागला की त्याला वाचवणे जवळजवळ अशक्य. या रोगाने मरणाऱ्या दहांपैकी चार जण पंधरा वर्षांखालची मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुत्र्याशी खेळतात तीच, आणि मार बसेल म्हणून चावलेले लपवतात तीही तीच. माता-भगिनींनी पोरांना सांगून ठेवावे, की कुत्रे चावले किंवा मांजराने ओरबाडले तर आधी येऊन सांग, कोणी रागावणार नाही.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली सुई, साधारण महिन्याने दुसरी, पुढे दरवर्षी एक. रक्ताचे जुलाब लागून पिल्ले दोन-चार दिवसांत दगावतात, तो बहुधा पार्व्हो. त्याची लस याच्याही आधी, दीड-दोन महिन्यांचे असताना. मांजर तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते! रात्रभर पत्र्यांवर भटकते, भांडते आणि पहाटे मुलांच्या पांघरुणात शिरते. त्यालाही रेबीज होतो, त्यालाही सुई हवी.

गुरांचा दवाखाना म्हटले की तो गाई-म्हशींचा, असे पुष्कळांना वाटते. मुंबईत परळच्या दवाखान्याला लोक बैलघोड्याचा दवाखाना म्हणतात, पण तेथे कुत्री-मांजरीही येतात. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लस कोणत्या दिवशी मिळते, हे आधी विचारून यावे. पैशांची अडचण असेल तर दहा घरांनी मिळून काढावेत. जयंतीची वर्गणी दारोदार फिरून गोळा करणाऱ्या तरुणांना हे काम जड नाही.

आणि चावलेच तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही भरू नये. मांत्रिकाच्या दोऱ्यात दोन दिवस घालवणे म्हणजे पोराचा जीव टांगणीला लावणे होय. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचे भय अजून म्हाताऱ्या माणसांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून बंद आहे. आता सुया दंडात, चार-पाच वेळा ठरलेल्या दिवशी, आणि सरकारी रुग्णालयात मोफत. रक्त आले असेल तर जखमेतच टोचायची वेगळी सुईही लागते, ती डॉक्टरांना आठवणीने विचारावी. चावलेल्या कुत्र्याला काठ्यांनी मारू नये. दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी, मात्र आपली सुई त्यासाठी थांबवू नये.

कुत्र्याला लस दिलेली असली तरी चावल्यावर डॉक्टरांकडे जावेच, आणि त्याचे कार्ड बरोबर न्यावे. मोतीला रात्रीची भाकर ज्या घरी मिळते, त्या घरी हे कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावे.