बघण्यासारखे आहे काय?

ठाण्या-डोंबिवलीच्या माणसाकडे परगावचा पाहुणा उतरला, की यजमान दुसऱ्याच दिवशी त्याला मुंबईच्या गाडीत बसवतो. का, तर म्हणे, "आमच्याकडे बघण्यासारखे आहे काय?" हा प्रश्न नव्हे, निकाल आहे, आणि तो एकही पुरावा न तपासता दिलेला आहे!

पुरावा ठाण्यापासूनच पाहू. तेथील मध्यवर्ती कारागृह हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. १७८७ मध्ये येथे पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट हाती लागला. १९१० मध्ये अनंत कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना येथेच फाशी दिले गेले. मनास येईल तेव्हा आत जाता येत नाही, हे खरे; पण त्या तटाजवळून जाताना पाऊल थबकायला कोणाचा परवाना लागतो? मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांचे १८७९ चे प्रार्थनामंदिरही याच शहरात आहे. किती ठाणेकरांना ठाऊक?

कल्याणकराची तऱ्हा निराळी नाही. 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात ज्या बंदराचे नाव आहे, जेथल्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत, ते कल्याण त्याच्या लेखी गाडी बदलण्याचे ठिकाण! १८६४ पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय त्याच्या वाटेवर आहे. तो वाट बदलत नाही, मानही वळवत नाही. आणि डोंबिवलीकर? अवघ्या पाच स्थानकांवर अंबरनाथ. १०६० सालचे, शिलाहार मम्मुणीच्या काळचे शिवमंदिर. आमचे डोंबिवलीकर खजुराहोला जाऊन आले, पण अंबरनाथ राहून गेले. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरे काय!

"अहो, आम्हांला वेळ कुठे आहे?" असे उत्तर तयार असते. दररोज लोकलमध्ये लोंबकळणाऱ्याची थट्टा आम्ही करणार नाही. पण सहलीच्या कंपनीला वर्षभर आधी पैसे भरून आठ दिवसांत दहा गावे पाहणाऱ्याने तरी वेळेची सबब सांगू नये.

हे नुसते हौसेचे प्रकरण असते, तर लिहिण्याचा खटाटोप केला नसता. जे कोणी पाहत नाही, त्याला कोणी वाली राहत नाही. अंबरनाथच्या देवळाला लागून वाहणारी वालधुनी पुढे कल्याणला येते ती कारखान्यांची घाण आणि सांडपाणी घेऊन. देऊळ पाहायला जाणारा नदीही पाहील. दहा हजारांनी पाहिली, तर कोणाला तरी जाब द्यावा लागेल. शोभेचे दिवे आणि कारंजी लावून हे काम होणार नाही.

१८१६ साली पेशव्यांचे त्रिंबकजी डेंगळे याच ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत होते. बाहेर एक मोतद्दार घोड्याची निगा राखताना गाणी म्हणे. त्या गाण्यांतून पळण्याचा बेत आत पोचत होता, असे सांगतात. पहारेकरी गोरे. त्यांनी गाणे ऐकले, पण त्यांना मराठी कळत नव्हते, त्रिंबकजी निसटले. त्या गोऱ्यांना निदान सबब होती. आम्हांला मराठी येते. तेव्हा या दिवाळीत पाहुणा आला, तर त्याला मुंबईची गाडी दाखवण्यापूर्वी एकदा आपले गाव दाखवा. त्या निमित्ताने तुमचेही बघून होईल!