घात झाला की घात केला?

वाचकहो, ‘घात’ हा आपल्या भाषेतील मोठा सोयीचा शब्द आहे. प्रहार केला तरी घात, दुर्दैव ओढवले तरी घात, आणि सर्वनाश झाला तरी घातच. पंचांगकर्त्यांनी तर राशीराशीस घातवार नेमून दिला आहे! (शेतकऱ्याची घात तेवढी निराळी. पावसानंतर जमीन नांगरटीस योग्य झाली म्हणजे ‘घात आली’ असे तो म्हणतो.) मारणाऱ्याची काठी आणि मरणाऱ्याचे नशीब, दोन्ही या एका शब्दात नांदतात. दलिताचा प्राण गेला की काठी लपविली जाते आणि नशीब पुढे केले जाते.

अहमदनगर, म्हणजे 2024 पासूनचे अहिल्यानगर, या जिल्ह्यातील दोन प्रकरणे पाहा. दि. 1 जानेवारी 2013 रोजी नेवासे तालुक्यात सोनईजवळ मेहतर समाजाच्या तीन तरुणांची हत्या झाली. आंतरजातीय प्रेमाचा राग हे तिचे कारण. शौचकूपाची टाकी साफ करावयाची आहे, या मिषाने त्यांस बोलावून नेले होते. प्रारंभी सांगण्यात आले की, टाकीत पडून अपघात झाला. त्या दिवशी मंगळवार होता. तिघांचाही घातवार मंगळवारच होता, असे कोणास म्हणावयाचे आहे काय? पुढे खटला नाशिकला चालला आणि जानेवारी 2018 मध्ये तेथील सत्र न्यायालयाने सहा जणांस फाशीची शिक्षा सुनावली. ‘अपघाता’तील ‘अप’ तेथे गळून पडला.

दुसरे प्रकरण जामखेड तालुक्यातील खर्ड्याचे. दि. 28 एप्रिल 2014 रोजी 17 वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचे प्रेत झाडास लटकलेले आढळले. महाराष्ट्र हळहळला. परंतु न्यायालयात एकामागून एक साक्षीदार फितूर झाले, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. येथे न्यायाधीशांस दोष देऊन भागणार नाही; पुराव्यावाचून शिक्षा देता येत नाही, हे आम्ही वकील जाणतो. परंतु ज्या गावात दलिताची रोजी, पाणी व वाट सवर्णांच्या हाती आहे, तेथे साक्षीदाराची जीभ कोणाच्या धाकाने टाळूस चिकटते, हे सांगावयास पंचांग लागत नाही. पहिला घात देहाचा, दुसरा साक्षीचा. दुसऱ्याची चर्चा मात्र कोणी करीत नाही.

1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 26 जानेवारी 2016 पासून कलम 15अ अमलात आहे. पीडितास, त्याच्या आप्तांस व साक्षीदारांस संरक्षण देणे हे त्यान्वये शासनाचे कर्तव्य आहे. जामिनाच्या सुनावणीत म्हणणे मांडण्याचा हक्कही पीडितास आहे. हा हक्क आपल्यापैकी किती जणांनी लेखी अर्ज करून मागितला? कलम 4 प्रमाणे तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर, सही घेण्यापूर्वी, ती फिर्यादीस वाचून दाखविणे पोलीस अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तेव्हा ठाण्यात ती वाचून घ्या. ‘अकस्मात मृत्यू’ असे लिहिले असेल, तर तेथेच हरकत घ्या, मारणाऱ्याचे नाव घालावयास सांगा, आणि मगच सही करा.