दीड तासात दुबई?

नवरा दुबईत, मी ठाण्यात. त्यामुळे शुक्रवार जवळ आला की माझी आकडेमोड सुरू. पहिलं तिकीट बघून तर मी उडालेच. मुंबईहून संध्याकाळी साडेसातला निघायचं आणि नऊला दुबई! दीड तास? एवढा वेळ तर मला ऑफिस गाठायला लागतो हो.

मग ट्यूब पेटली. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात आणि दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. अंतर साधारण १,९३० किलोमीटर, विमानात तीन तास. येताना तेच घड्याळ उट्टं काढतं. रविवारी रात्री साडेदहाला निघा, मुंबईत पहाटे तीन! गंमत म्हणजे हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून ढकलतात, म्हणजे येताना विमान उलट थोडं लवकरच पोचतं. कागदावर मात्र साडेचार तास.

शिवाय तीन तास आधी विमानतळ, इमिग्रेशनची रांग, बॅगांचा पट्टा, टॅक्सी. घर ते घर आठ तास धराच. २०२२पासून तिथल्या सरकारी कचेऱ्यांनाही शनिवार-रविवार सुट्टी असते, नवऱ्याच्या ऑफिसलाही, हे आमचं नशीब. मी आता फक्त हॅण्डबॅग नेते आणि सोमवारची हाफ डे आधीच टाकून ठेवते.

पहिल्या खेपेला उतरायची वेळ मी मुंबईच्या हिशेबाने कळवली होती. साहेब आले साडेदहाला. दोन दिवसांच्या भेटीतला दीड तास मी एकटीने कॉफी पीत काढला.