स्वच्छ खोली, सकाळचा नाश्ता आणि खरा दर : एवढंच मागतोय

पनवेलकरांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

जानेवारीत आई-बाबांना घेऊन दोन दिवस अलिबागच्या बाजूला गेलो होतो. आईचं वय ७४, गुडघ्यांचा त्रास. म्हणून हॉटेल नको, घरगुती काहीतरी बघू असं ठरवलं आणि मोबाईलवरच्या एका अ‍ॅपवर ‘होमस्टे’ शोधला. फोटोत नारळी-पोफळीची वाडी, झोपाळा, तुळशीवृंदावन. दर ४,८०० रुपये, वर कर, वर कसलंसं सुविधा शुल्क. म्हटलं, जाऊ दे, आई-बाबांसाठी आहे.

पोचलो तर घर होतं, पण घरात माणूस नव्हतं. वॉचमनने किल्ली दिली. खोली पहिल्या मजल्यावर, जिन्याला कठडा नाही. गरम पाणी विचारलं तर म्हणे, गिझर बिघडलाय. नाश्ता विचारला तर म्हणे, “साहेब, नाक्यावर वडापाव मिळेल.” शेजारच्या बंगल्यात रात्री दीड वाजेपर्यंत डीजे. बाबा अंधारात एकच वाक्य बोलले, “अरे, याला होमस्टे म्हणतात ना? मग यात होम कुठंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच सामान उचललं. चहाच्या टपरीवर विचारलं, तर चहावाल्याने समुद्रापासून दोन गल्ल्या मागे एका घरी पाठवलं. काकू अंगणातच होत्या. पहिला प्रश्न “किती जण?” आणि दुसरा, आईकडे बघून, “आजींना जिना नको ना? खालची खोली देते.” खोलीचे १,८०० रुपये, सकाळचा नाश्ता त्यातच. खोली साधी, पण चादरी धुतलेल्या, बाथरूम कोरडं. सकाळी गरम घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. निघताना आईच्या हातात अर्धा डझन शहाळी नाही, पण दोन नारळ आणि कोकमाची पुडी ठेवली.

मी काकूंना विचारलं, तुम्ही अ‍ॅपवर का नाही? म्हणाल्या, “होतो ना वर्षभर. पंधरा-वीस टक्के कापून घेतात. मग दर वाढवायचा तर गिऱ्हाईक येत नाही, नाही वाढवायचा तर आम्हाला उरत नाही. सोडून दिलं.”

तिथेच ही पोस्ट डोक्यात सुरू झाली.

आपल्याला परवडणारी, चांगली, घरगुती राहण्याची सोय आपल्या जिल्ह्यात भरपूर आहे. पण ती सापडत नाही. आणि जे सापडतं, ते बहुतेक वेळा घरगुती नसतं. हा माझा किंवा तुमचा खाजगी वैताग नाही, हा सार्वजनिक प्रश्न आहे असं माझं मत आहे. का ते सांगतो.

कोकणातली ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’ ही पाटी आपण लहानपणापासून बघतोय. नागाव, रेवदंडा, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. पुढची खोली पाहुण्यांना द्यायची, मागच्या खोलीत घरच्यांनी झोपायचं, असं करत ही घरं उभी राहिली. एमटीडीसीने यासाठी निवास व न्याहारी योजना आणली, त्यातून बऱ्याच घरांना बळ मिळालं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, अलिबाग पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. पोफळीचं नवं रोप लावलं तरी उत्पन्न यायला काही वर्षं जातात. मधल्या काळात अनेक घरांची चूल पाहुण्यांच्या खोलीवरच पेटत होती. म्हणजे तुम्ही-आम्ही वीकेंडला कुणाकडे राहतो, यावर कुणाच्या तरी मुलीची कॉलेजची फी ठरते. इतका सरळ हिशोब आहे.

लांब कशाला जायचं, आपल्याच तालुक्यात बघा. प्रबळमाची. कलावंतीण दुर्गाचे फोटो व्हायरल झाले आणि देशभरातून पोरं येऊ लागली. ठाकूरवाडीतून घाम गाळत माचीवर चढलं की ठाकूर समाजाच्या घरांत जेवण मिळतं. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, कधी गावठी कोंबडी. तांदूळ, तेल, मीठ, गॅसची टाकी, सगळं खालून पाठीवर न्यावं लागतं, हे लक्षात ठेवून त्या थाळीची किंमत करा. पण बऱ्याचदा होतं काय? मुंबई-पुण्याचा ग्रुपवाला माणशी भलं मोठं ‘पॅकेज’ घेतो आणि माचीवरच्या ताईच्या हातात त्यातला लहानसा भाग पडतो. जागा तिची, पाणी तिने भरलेलं, भाकऱ्या तिने थापलेल्या. नाव मात्र पॅकेजवाल्याचं.

आता पनवेल शहराकडे या. लोक म्हणतील, पनवेलमध्ये कोण राहायला येतं? अहो, येतात की! खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक आहे. विदर्भातून, मराठवाड्यातून, पार बिहार-बंगालमधून कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक येतात. उपचार आठवडेच्या आठवडे चालतात. त्यांना लॉज परवडत नाही, भाड्याचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या कराराशिवाय मिळत नाही. त्यांना हवी असते एक स्वच्छ खोली आणि पेशंटला चालेल असं कमी तिखट जेवण. कोकण रेल्वेने अपरात्री उतरणारे येतात. आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तर नवी मुंबई विमानतळावरून विमानंही सुरू झालीत. पहाटेच्या विमानासाठी सातारा-कोल्हापूरहून येणारं कुटुंब रात्री कुठे टेकणार? पाच-सहा हजारांच्या हॉटेलात? की नातेवाईकाच्या हॉलमध्ये सतरंजीवर?

दुसरीकडे आपल्याच शहरात किती घरं अर्धी रिकामी आहेत! पोरं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला. आई-वडील दोघंच तीन खोल्यांत. एक खोली पाहुण्याला दिली तर चार पैसे येतील, घरात माणसाचा आवाजही येईल. कायदा आडवा येत नाही. केंद्र सरकारच्या होमस्टे योजनेत एक ते सहा खोल्यांपर्यंत नोंदणी होते आणि मुख्य अट अशी की मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिलं पाहिजे. ही अट फार महत्त्वाची आहे. ती पाळली, तर वॉचमनच्या किल्लीवर चालणाऱ्या बंगल्यांना ‘होमस्टे’ म्हणवताच येणार नाही. राज्य सरकारचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे. महिलांसाठी २०२३ चं ‘आई’ धोरण आहे, त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो. योजना आहेत. पण माचीवरच्या ताईपर्यंत ही माहिती घेऊन कोण गेलंय, सांगा बघू.

एक उदाहरण परदेशातलं देतो. आमच्या बिल्डिंगमधल्या काका-काकूंची मुलगी डब्लिनला नोकरी करते. गेल्या उन्हाळ्यात दोघं जाऊन आले. मला वाटलं, युरोप म्हणजे हॉटेलातच दिवाळं निघालं असेल. काका म्हणाले, “छे, आम्ही गॉलवे आणि किलार्नीला लोकांच्या घरीच राहिलो.” तिकडे ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणजे आपली घरगुती सोयच. फॉल्चा आयर्लंड ही तिथली सरकारी पर्यटन संस्था घर तपासून मान्यता देते आणि मान्यताप्राप्त घराच्या दारावर शॅमरॉक, म्हणजे तीन पानांच्या हिरव्या पाल्याचं चिन्ह लागतं. दर बहुधा माणशी सांगतात, दोघांनी एक खोली घेतली असं धरून, नाश्त्यासकट. एकटा माणूस असेल तर थोडे जास्त. काकू शाकाहारी. घरमालकीण आदल्या रात्रीच विचारायची, उद्या सकाळी काय खाल? मग ओट्सची लापशी, टोस्ट, तळलेले मशरूम आणि टोमॅटो.

तिकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. घरं चालवणाऱ्या बायकांची वयं झाली, पुढची पिढी यात यायला तयार नाही. २०२२ नंतर युक्रेनच्या निर्वासितांसाठी सरकारने बऱ्याच खोल्या करारावर घेतल्या, त्यामुळे पर्यटकांना स्वस्त खोल्या मिळणं अवघड झालं. पण चिन्ह बघितलं की प्रवासी निर्धास्तपणे बेल वाजवतो, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. आपल्याकडे पाट्या शेकडो आहेत, पण कुठल्या पाटीवर विश्वास ठेवायचा हे सांगणारं कोणी नाही. मग विश्वास अ‍ॅपच्या चांदण्यांवर ठेवायचा, आणि त्या कशा मिळवतात ते आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

यावर एक आक्षेप येईल, तो मी आधीच मांडतो. घरमालक म्हणतात, “नोंदणी केली की सरकारी माणूस दारात येणार. आज अग्निशमन, उद्या घरपट्टी, परवा अजून काहीतरी. नकोच ती भानगड.” ही भीती खोटी नाही. नैना क्षेत्रातल्या गावांत घराला एक खोली वाढवायची तरी सिडकोची परवानगी लागते, तिथे माणूस बिचकणारच. म्हणून मी नोंदणीच्या सक्तीबद्दल बोलत नाही. नोंदणीत फायदा दिसला पाहिजे आणि ती गावात बसून झाली पाहिजे.

माझ्या मागण्या चारच आहेत.

१. पर्यटन संचालनालय आणि रायगड जिल्हा परिषदेने मिळून तालुकावार यादी मराठीत काढावी. घराचं ठिकाण, मालकाचा फोन, खोल्या किती, नाश्ता धरून दर किती, तळमजल्यावर खोली आहे की नाही. यादी एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर आणि विमानतळावर लागली पाहिजे.

२. ग्रामसभेच्या दिवशीच गावात नोंदणी शिबिर घ्यावं. सुरुवात प्रबळमाचीपासून करा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत ठरलेला फॉर्म भरावा लागतो, हे आपल्या किती घरमालकांना माहीत आहे? तेही तिथेच शिकवा.

३. पनवेल महापालिकेने खारघर-कामोठे भागात पेशंटच्या नातेवाईकांना खोली देणाऱ्या घरांची वेगळी यादी करून रुग्णालयांच्या समाजसेवा विभागाकडे द्यावी. याला पैसे लागत नाहीत, इच्छा लागते.

४. मालक जिथे राहत नाही, त्या जागेला ‘होमस्टे’ म्हणायला बंदी करा. बंगला भाड्याने द्या ना, खुशाल द्या, पण बंगला म्हणून द्या.

आणि आता आपल्याबद्दल, कारण सगळं सरकारवर ढकलून मोकळं होता येत नाही.

खोली शोधताना अ‍ॅपवर बघा हवं तर, पण शक्य असेल तर थेट फोन करा. अ‍ॅपवरून बुकिंग केलं की छोटा मालक जीएसटीत नोंदलेला नसला तरी खोलीवरचा कर भरायची जबाबदारी अ‍ॅप कंपनीवर येते, आणि शेवटी तो आपल्याच बिलात लागतो. कमिशनही शेवटी आपल्याच खिशातून जातं. फोनवर पाच गोष्टी विचारा. तुम्ही तिथेच राहता का? दर खोलीचा की माणशी? नाश्ता धरून का? गरम पाणी किती वाजेपर्यंत? रद्द केलं तर पैसे परत किती? या पाच उत्तरांत सगळं कळतं. समुद्राला चिकटून राहायचा हट्ट सोडा, दोन गल्ल्या मागे गेलात की दर उतरतो आणि झोपही लागते. जमलं तर मंगळवार-बुधवारी जा. लाँग वीकेंडला गेलात तर दराबद्दल आणि ट्रॅफिकबद्दल तक्रार करायची नाही. (पळस्प्यापासून पुढच्या महामार्गावर मी वेगळी पोस्ट लिहीन, २०११ पासून चाललेल्या कामावर एका परिच्छेदात भागत नाही.)

आणि घासाघीस. मॉलमध्ये छापील किमतीला मान डोलवतो आणि घावणे करून घालणाऱ्या काकूंकडे दोनशे रुपये कमी करा म्हणतो, हे शोभत नाही. दारूच्या बाटल्या घेऊन लोकांच्या अंगणात गोंधळ घालणारे आपलेच भाऊबंद असतात. त्यांच्यामुळे कित्येक घरांनी ‘फक्त कुटुंबासाठी’ अशी पाटी लावली, आणि मग ट्रेकला निघालेल्या चांगल्या पोरांना आणि एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींनाही दार बंद झालं.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी काकूंच्या अंगणात मिळालं. आईला जिना नको, हे न सांगता ज्यांना कळलं, ते होम. त्या काकूंचं घर पुढची वीस वर्षं चालावं, त्यांच्या सुनेला ते चालवावंसं वाटावं, एवढंच मागणं आहे.

तुमच्या माहितीत असं एखादं घर असेल, जिथे मालक स्वतः राहतो, दर खरा आहे आणि सकाळी चूल पेटते, तर घरमालकांना विचारून मगच गावाचं नाव खाली लिहा. फोन नंबर उघडपणे टाकू नका, इनबॉक्समध्ये द्या. सरकारची यादी येईल तेव्हा येईल, आपली तर सुरू करू.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर का नाही ते लिहा, वाचतो मी सगळं.