ज्ञानेश्वरचा 'डॅन' होतो तेव्हा

आमच्या आयटीत एक चमत्कार वरचेवर घडतो. नेवाशाचा ज्ञानेश्वर ट्रेनिंगला येतो आणि पहिल्या क्लायंट कॉलनंतर 'डॅन' होऊन बाहेर पडतो. मच्छिंद्रचा 'मॅक' होतो, गहिनीनाथचा 'गॅरी'. जबरदस्ती कुणी करत नाही हो. टीममधला एखादा शहाणा फक्त हसतो, "अरे, असली नावं अजून ठेवतात का?" बास, तेवढं पुरतं.

कारण काय सांगतात, तर गोऱ्यांना उच्चार जमत नाही. काय राव! 'कुबरनेटीस' हा मूळ ग्रीक शब्द आपण गपगुमान शिकलोच ना? जर्मन क्लायंटची हातभर लांब आडनावंही पाठ करतो. मग त्यांनी 'ज्ञानेश्वर' शिकला तर काय बिघडलं? खरं दुखणं उच्चाराचं नाहीच. ही नावं गावाकडची वाटतात, हे आहे.

तर आमच्या नगर जिल्ह्यातली ही 'गावठी' नावं जरा नीट बघा. मोहिनीराज म्हटलं की नेवासा, कारण मोहिनीराज तिथलं ग्रामदैवत. १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली तीही नेवाशातच. कानिफनाथ म्हटलं की पाथर्डी तालुक्यातली मढी. साईनाथ म्हटलं की शिर्डी. नावातच अर्धा पत्ता!

आणि हे देवळापुरतंही नाही. मालोजीराजांना नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाने मुलं झाली, म्हणून त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. म्हणजे शिवाजी महाराजांच्या वडिलांच्या नावात नगरचा पीर बसलाय. आता बोला!

याच्या बदल्यात आपण घेतो काय, तर इंटरनेटवरच्या याद्या. तिथे बिनधास्त लिहिलेलं असतं, 'आरव म्हणजे शांत'. संस्कृत कोश उघडा की. आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा! (बाळ रात्रभर झोपू देत नसेल तर तक्रार नको.) आरव नाव ठेवायला माझी ना नाही, कानाला गोड आहे. पण एकाच वर्गात चार आरव असताना त्याला 'युनिक' म्हणायचं आणि गहिनीनाथला हसायचं, हे काही पटत नाही.

मग जुनं ते सगळं सोनं का? मुळीच नाही. मुलगी नको होती म्हणून ठेवलेलं 'नकुशा' हे नावही आपल्याच मातीतलं. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात दोनशेहून जास्त नकुशांची नावं समारंभाने बदलली, आणि फार बरं झालं. माझा हिशोब साधा आहे. नाव ज्याचं त्याला टोचत असेल तर खुशाल बदला. दुसऱ्याच्या कानाला टोचतं म्हणून मात्र एक अक्षरही सोडू नका.

२०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. पाट्या बदलल्या, भाषणं झाली. पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जण पोरीचं नाव अहिल्या ठेवतील? ठेवलंच कुणी, तर एवढंच बघा, पुढे एखाद्या ऑफिसात तिची 'अ‍ॅली' होऊ देऊ नका.